बंदीखान्यातला दवाखाना

हैदराबादच्या जामबागेतून उस्मानिया दवाखाना पायी पंधरा-वीस मिनिटांवर. पुतलीबावली मागे पडली आणि अफजलगंजची गर्दी लागली, की मुसीच्या काठावरची ती घुमटांची इमारत दिसते. नदीच्या पलीकडे चंचलगुड्याचा तुरुंग, १८७६ सालचा. विवेकवर्धिनी शाळेच्या आसपास वाढलेल्या आम्हा मराठी मुलांना या दोन जागांची नावे फार लवकर कळली, कारण जाळीच्या खिडक्यांची पोलीस गाडी या दोहोंमध्ये ये-जा करायची. जाळीला आतून धरलेली बोटे दिसायची. उस्मानियात कैद्यांचा वेगळा वॉर्डच आहे.

माझे माहेर जामबागेतले, सासर बिदरचे. माहेरी मराठी, सासरी कानडी, आणि नोकरीच्या ठिकाणी दख्खनी हिंदी. मी नर्स होते. ज्या सरकारी दवाखान्यात नोकरी केली त्याचे नाव इथे लिहीत नाही, पण कैद्यांच्या वॉर्डाची ड्यूटी मी अनेकदा केली. वाचकहो, 'तुरुंगात माणूस आजारी पडला तर त्याला कोण बघते?' हा प्रश्न आपल्यासारख्या घरांत सहसा निघत नाही. आपला काय संबंध, असे वाटते. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या घराचा संबंध आला. तो प्रसंग पुढे सांगेन. आधी थोडे मागे जाऊ.

आपल्या दोन्ही भाषांत हे शब्द जुळे भावंडांसारखे आहेत. मराठीत बंदीखाना, कानडीत बंदीखाने. मराठीत दवाखाना, कानडीत दवाखाने. पण माणसांना वर्षानुवर्षे एकत्र कोंडून ठेवणे हीच शिक्षा, ही पद्धत आपल्याकडे इंग्रजांच्या अमदानीत रुजली. त्याआधी कैद होती, ती मुख्यतः किल्ल्यांवर. शेकडो माणसे एका आवारात आली, पाणी एक, संडास एक, आणि पटकी, हगवण, ताप यांनी माणसे पटापट मरू लागली. १८६४ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने हिशेब मांडला, तेव्हा आधीच्या दहा वर्षांत हिंदुस्थानातल्या तुरुंगांत आजाराने ४६,३०९ माणसे दगावल्याचे निघाले. यातल्या बहुतेकांना फाशीची शिक्षा झालेली नव्हती. मग समितीने दर कैद्यामागे ५४ चौरस फूट जागा आणि ६४० घनफूट हवा असावी असे माप ठरवले. तुरुंगात डॉक्टर आला तो असा, मरणाच्या आकड्यांमुळे. दया वगैरे नंतरची.

पुढे तर मोठ्या तुरुंगांचे सुपरिंटेंडेंट म्हणूनच अनेकदा लष्करी पदवीचे सरकारी डॉक्टर असत. ठरावीक दिवसांनी कैद्यांना तराजूवर चढवायचे, वजन उतरले की काम हलके करायचे, अशी रीत होती. डॉक्टरांना यात आणखी एक सोय दिसली. गावातली माणसे मोजून, वजन करून, रोज एकच जेवण देऊन पाहता येत नाहीत. तुरुंगातली येतात. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची साथ असताना डॉ. हाफकिन यांनी आपली नवी लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात, नाव द्यायला तयार झालेल्या कैद्यांना टोचली. टोचलेले आणि न टोचलेले यांच्यातला फरक तिथे दिसला. पुढच्याच वर्षी हुबळी-धारवाडकडे हजारो लोकांनी तीच लस घेतली. आपल्या पणज्यांच्या दंडावर जी सुई टोचली गेली, ती त्याआधी भायखळ्याच्या कैद्यांच्या अंगात गेली होती. बराकीत कोंडलेल्या माणसाचे 'मी तयार आहे' कितपत स्वतःच्या मर्जीचे असेल, हा विचार नर्स म्हणून मला नेहमी अडवतो. त्यांची नावे कोणाला पाठ नाहीत.

१८९४ मध्ये तुरुंगांचा कायदा झाला. शंभराहून जास्त वर्षे देशातला तुरुंगांचा कारभार प्रामुख्याने त्याच्यावर चालला. प्रत्येक तुरुंगात दवाखाना किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा हवी, आत येणाऱ्या प्रत्येक कैद्याची तपासणी व्हावी, एकांतकोठडीतल्या माणसाला वैद्यकीय माणसाने रोज एकदा तरी बघावे, हे त्यात लिहिलेले आहे. पण त्याच कायद्यात डॉक्टरचे दुसरेही काम आहे. कैदी फटके खायला किंवा इतर कडक शिक्षा भोगायला 'तंदुरुस्त' आहे असा दाखला द्यायचा तोही डॉक्टरनेच, आणि फटके मारताना हजर राहायचे तेही त्यानेच. ज्या हाताने नाडी बघायची त्याच हाताने हा दाखला लिहायचा. लाहोरच्या तुरुंगात १९२९ मध्ये जतीन दासांनी उपोषण केले, तेव्हा त्यांना जबरदस्तीने नळीने अन्न घालण्याचा प्रयत्न झाला, तोही डॉक्टरांकडूनच. ६३ व्या दिवशी, १३ सप्टेंबरला, ते गेले.

निजामाचे राज्य वेगळे होते, पण तुरुंगाच्या भिंती तशाच. १९३८-३९ च्या सत्याग्रहात मराठवाडा, कर्नाटक, तेलंगण या तिन्ही भागांतली माणसे चंचलगुडा, गुलबर्गा, औरंगाबादच्या तुरुंगांत एकत्र आली. स्वामी रामानंद तीर्थ यांचेच बघा. जन्म विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा, शिक्षकाचे काम मराठवाड्यात, आणि १९३८ पासून १९४८ पर्यंत पुन्हा पुन्हा तुरुंगवास. आपल्या दुभाषी घरांनी त्यांना आपला माणूस म्हणावे असे सगळे त्यांच्यात आहे. त्याच काळात चंचलगुड्यात रामचंद्रराव नावाच्या तरुणाला फटके मारले गेले आणि प्रत्येक फटक्याला तो 'वंदे मातरम्' म्हणत राहिला; पुढे तेच त्याच्या नावाला चिकटले. वंदेमातरम् रामचंद्रराव म्हणून हैदराबाद त्यांना ओळखते. उदगीरचे वकील श्यामलाल मात्र डिसेंबर १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगातच वारले. बिदरला सासर असल्यामुळे हे नाव मी म्हाताऱ्या माणसांकडून अनेकदा ऐकले आहे.

याच्या शेजारी पुण्याची एक रात्र ठेवून बघा. १२ जानेवारी १९२४. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींना अपेंडिक्सच्या दुखण्यामुळे ससून रुग्णालयात आणले. कर्नल मॅडॉक यांनी रात्री शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि शेवटचे काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडूनही दिले. शस्त्रक्रियेच्या आधी शास्त्री होते, निवेदन लिहून घेतले गेले, मुंबईचे डॉक्टर बोलवायचे का अशी विचारणा झाली. मॅडॉकसाहेबांनी काम चांगले केले यात शंका नाही. पण देशभर डोळे त्या टेबलाकडे लागलेले होते, हेही विसरता येत नाही. बिदरच्या तुरुंगाकडे तसे कोणाचे डोळे नव्हते.

डोळे लागलेले असूनही सगळे मिळतेच असे नाही. लोकमान्य टिळकांना मधुमेह. १९०८ ते १९१४ मंडालेला असताना गव्हाऐवजी सातूच्या पिठावर त्यांनी दिवस काढले. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये १९४२ पासून गांधीजी, कस्तुरबा आणि आमच्या हैदराबादच्या सरोजिनी नायडू अटकेत होत्या. सरोजिनीबाईंचे घर नामपल्ली स्टेशनच्या रस्त्यावर, जामबागेपासून फार लांब नाही, आणि त्यांचे पती डॉ. गोविंदराजुलू नायडू स्वतः डॉक्टर. त्यांना मार्च १९४३ मध्ये आजारपणामुळे सोडले. कस्तुरबांना सोडले नाही. डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नय्यर हे दोन डॉक्टर त्याच अटकेत त्यांच्याजवळ होते, तरी बांना वैद्य हवा होता. वैद्य शिवशर्मा यांना बऱ्याच पत्रव्यवहारानंतर परवानगी मिळाली, पण सुरुवातीला रात्री आत थांबायची नाही. ते फाटकाबाहेर मोटारीत झोपत, कारण मध्यरात्री बोलावणे आले तर जवळ असावे. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. इतक्या सगळ्या वर्णनात माझ्या मनात राहते ती ती मोटार.

स्वातंत्र्यानंतर हे बदलले का? 'संस्कार' हा कानडी चित्रपट (१९७०) ज्यांनी पाहिला, त्यांना स्नेहलता रेड्डी आठवतील. आणीबाणीत मे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली आणि बेंगळुरूच्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवले. त्यांना दम्याचा जुनाट विकार होता. त्याच तुरुंगात असलेल्या मधु दंडवत्यांनी रात्रीच्या शांततेत ऐकू येणाऱ्या त्यांच्या ओरडण्याबद्दल लिहून ठेवले आहे. प्रकृती पार ढासळल्यावर जानेवारी १९७७ मध्ये त्यांना पॅरोलवर सोडले आणि पाचच दिवसांनी, २० जानेवारीला, त्या वारल्या. त्या तुरुंगाच्या जागी आता फ्रीडम पार्क आहे. बेंगळुरूला मुलांकडे जाता तेव्हा एकदा बघून या.

बेंगळुरूच्याच तुरुंगातून एका कैद्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्यावरून 'रामामूर्ती विरुद्ध कर्नाटक राज्य' हा खटला उभा राहिला आणि डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांचे नऊ मोठे दोष नोंदवले. त्यात गर्दी आहे, खटल्यांचा विलंब आहे आणि 'आरोग्य व स्वच्छतेची हेळसांड' हाही ठळक आहे. एका पोस्टाच्या पत्राने एवढे झाले. त्याआधी १९९३ मध्ये पत्रकार शीला बर्से यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले होते, की ज्याने गुन्हा केलेला नाही अशा मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आहे. हे सांगावे लागले, यावरून तोवर काय चालत होते ते समजा. धारवाडला मनोरुग्णांचे इस्पितळ १८४५ पासून आहे, तरी वेडसर माणूस दिसला की पोलिसांनी तुरुंगात टाकायचे, हा सोपा मार्ग देशात चालूच होता.

आता माझ्या वॉर्डातले. कैदी रुग्ण दवाखान्यात येतो तो बहुधा उशिरा. तुरुंगाच्या डॉक्टरने चिठ्ठी दिली तरी सोबत न्यायला पोलीस लागतात, आणि बंदोबस्त, सभा, मिरवणूक निघाली की ते मिळत नाहीत. तारीख चुकते. आला की आमचे डॉक्टर, तेही घाईत असतात, रुग्णाला न विचारता शिपायाला विचारतात, "क्या तकलीफ है इसको?" शिपाई सांगेल तोच आजार. एकदा रायचूरकडचा एक म्हातारा आणला. शिपाई म्हणाला, पेट में गॅस. म्हातारा कानडीत पुटपुटत होता आणि कोणाला कळत नव्हते. मी जवळ गेले तर म्हणतो, "एदी नोयतद्री." छाती दुखतेय. ईसीजी काढला, हृदयविकाराचा झटका होता. वेळेत कळले म्हणून वाचला. सासूबाईंनी धाकात ठेवून शिकवलेली कानडी त्या दिवशी माझ्या उपयोगी पडली.

त्याला पलंगाला बेडीने बांधले होते. मी शिपायाला म्हटले, अहो, हा पळून कुठे जाणार? तो म्हणाला, "सिस्टर, भाग गया तो मेरी नौकरी जाती." त्याचेही खरे होते, दोन दिवस तो लाकडी स्टुलावर बसून होता, जेवायला सुटी नाही. पण गुवाहाटीच्या इस्पितळात पलंगांना बेड्यांनी बांधलेले कैदी पाहून पत्रकार कुलदीप नय्यर यांनी सर्वोच्च न्यायालयाला कळवले होते आणि १९९५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले होते, की कोर्टाच्या परवानगीशिवाय कैद्याला बेड्या घालायच्या नाहीत. हा निकाल मला निवृत्त झाल्यावर एका वकिलाने सांगितला. वॉर्डात त्याचा कागद कधी कोणी लावलेला पाहिला नाही.

हैदराबादची एक गंमत सांगते. सिकंदराबादचे सध्याचे गांधी हॉस्पिटल २००३ मध्ये ज्या जागेवर आले, तिथे आधी मुशीराबादचा तुरुंग होता. तुरुंगाचा दवाखाना झाला! असे रोज घडत नाही.

आता शेजारच्या अक्कांचे. घरात कानडी, बाजारात मराठी, आपल्यासारखेच घर. मुलगा सव्वीस वर्षांचा. बाराव्या वर्षापासून त्याला फिट येत असे. सकाळ-रात्र गोळी, एकही चुकलेली नाही, म्हणून कित्येक वर्षांत फिट आलेली नव्हती. शेताच्या बांधावरून भाऊबंदकीत मारामारी झाली, नऊ जणांवर गुन्हा दाखल झाला, त्यात हाही. कोर्टाने तुरुंगात पाठवले. तुरुंग सीमाभागातला, कुठला ते सांगत नाही. अक्का दुसऱ्या दिवशी गोळ्यांची पट्टी पदरात बांधून फाटकावर गेल्या. "बाहेरची गोळी चालत नाही," असे सांगून परत पाठवले. तिसऱ्या रात्री त्याला बराकीत फिट आली, पडला, कपाळ फुटले, समोरचा दात गेला.

बाहेरची गोळी न घेण्याचा नियम मुळात चुकीचा नाही. गोळ्यांच्या नावाखाली काय काय आत जाते ते मी वॉर्डात पाहिले आहे. चिठ्ठी हवी, तुरुंगाच्या डॉक्टरने बघायला हवे. पण फिटची गोळी एकाएकी थांबली तर फिटवर फिट येऊन माणूस दगावूही शकतो, हे फाटकावरच्या माणसाला कोण सांगणार? आणि खरी गाठ तर आणखी आत होती. तुरुंगात घेताना तपासणी झाली होती. "काही आजार आहे?" असे त्याला विचारले होते. तो "इल्ला" म्हणाला. अक्कांनीच लहानपणापासून बजावले होते, फिटचे कोणाला सांगायचे नाही, लग्न जमणार नाही. बारा-चौदा वर्षे पाळलेली ती शिकवण त्याने तिथेही पाळली. अक्का माझ्याकडे येऊन हे सांगताना रडल्या नाहीत. पट्टीतल्या गोळ्या मोजत बसल्या होत्या.

वकीलसाहेबांनी जुन्या चिठ्ठ्या जोडून कोर्टात अर्ज दिला. कोर्टाने तुरुंगाच्या डॉक्टरला तपासून औषध सुरू करायला सांगितले आणि पाचव्या दिवशी गोळी मिळाली. महिनाभराने जामीन झाला. खटला चालू आहे. कपाळावर वण राहिला.

त्याचे नाव कुठल्या वर्तमानपत्रात आले नाही. नावाजलेल्या माणसांचे येते. हैदराबादचे कवी वरवरा राव तळोजाच्या तुरुंगात असताना २०२० मध्ये कोरोनाने आजारी पडले, आणि पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना प्रकृतीच्या कारणावरून जामीन दिला. त्याच तुरुंगातले ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी कंपवातामुळे पेला धरू शकत नव्हते, म्हणून नळी लावलेला पेला मिळावा यासाठी कोर्टापर्यंत जावे लागले. ५ जुलै २०२१ ला ते मुंबईच्या इस्पितळात वारले. त्यांच्यावरच्या आरोपांबद्दल प्रत्येकाचे मत असू शकते. पेल्याबद्दल दोन मते असायचे कारण नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत त्या वर्षी १,९९५ मृत्यू झाले, पैकी १,७७३ 'नैसर्गिक' म्हणून नोंदले गेले, म्हणजे बहुतेक आजाराचे. शंभर जणांच्या जागेत १३१ माणसे होती, आणि दर चारांत तिघे कच्चे कैदी, म्हणजे अजून गुन्हा शाबीत न झालेले. १८६४ चे ५४ चौरस फुटांचे माप अशा बराकीत कोणी मोजायला गेले तर काय निघेल, ते वाचकांनीच बघावे.

कोणावर अशी वेळ येऊ नये, पण आलीच तर काही गोष्टी ध्यानात असाव्यात. जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रियेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आहे, तरी अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी ही तरतूद कायम आहे. आजार तेव्हाच सांगायचा, लाज न धरता, आणि पहिल्यांदा कोर्टापुढे उभे करतील तेव्हा मॅजिस्ट्रेटसाहेबांनाही सांगायचा, म्हणजे त्याची नोंद करायला सांगता येते. आजारी किंवा दुबळ्या माणसाच्या जामिनाचा विचार वेगळा करता येतो, अशी सूट कायद्यात आहे. वकिलाने ती मागावी लागते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. कोठडीत असलेल्या माणसाला, त्याची कमाई कितीही असो, १९८७ च्या कायद्याने फुकट वकील मिळतो. त्यांचे कार्यालय बहुधा जिल्हा कोर्टाच्या आवारातच असते.

मधुमेह, दमा, फिट, हृदयविकार, टीबी यांचे औषध चालू असेल त्या माणसाची डॉक्टरची ताजी चिठ्ठी घरात वेगळ्या पाकिटात ठेवा. चिठ्ठीवर औषधाचे नाव कंपनीचे नको, मूळ औषधाचे लिहून घ्या, कारण तुरुंगाच्या दवाखान्यात त्याच कंपनीची गोळी असेलच असे नाही. किती वाजता, किती दिवस खंड पडला तर काय होईल, हेही डॉक्टरांकडून एका ओळीत लिहून घ्यावे. फाटकावर तोंडी बोलून उपयोग नाही. सुपरिंटेंडेंटच्या नावाने साध्या कागदावर अर्ज, सोबत चिठ्ठीची झेरॉक्स, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच. अर्ज मराठीत किंवा कानडीत लिहिलात तरी चालतो, फक्त औषधाचे नाव इंग्रजी अक्षरांत ठळक काढा. अक्कांनी आता तसे पाकीट केले आहे आणि ते देवघराच्या खालच्या कप्प्यात, रेशनकार्डाबरोबर ठेवले आहे.